इंजिनात पडलेल्या अक्षता

निशी-कसाई, तोक्यो
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप सदानंदकाकांच्या पायांशी सौमित्रचा दुरून, पण मनापासून साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहिलेलं नाही. गेले सहा आठवडे सुट्टीचे सगळे दिवस मी एका गॅरेजच्या फरशीवर पालथा पडून काढले आहेत, त्यामुळे ते आता सहज जमतं. कारण पुढे येईल.) आपली प्रकृती कशी आहे? थंडीत गुडघा धरतो का? विभाकाकू रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात, की अजून 'आज बरं वाटतंय' म्हणून डबीतच ठेवतात? मी, जयंती आणि चारुता, आम्ही इथे तिघंही खुशाल आहोत. चारुताला आजी-आजोबांना दोन ओळी लिही म्हटलं, तर तिने त्या जपानीत लिहिल्या. सोबत जोडल्या आहेत, चित्र समजून बघाव्यात.

पत्र का, फोन का नाही, असं तुम्ही काकूंना विचाराल. फोनचं कार्ड तीस मिनिटांचं असतं. त्यातली पहिली दहा तुम्ही 'आवाज येतोय का' यात घालवता आणि शेवटची दहा 'ठेव आता, बिल चढत असेल' यात. (कार्डावर बिल चढत नाही हे मी तीन वर्षं सांगतोय.) उरलेल्या दहा मिनिटांत जे सांगायचं होतं ते दिवाळीत माझ्या तोंडून निघालं नाही. तुम्ही विचारलंत, काय रे, त्या जपान्याचं इंजिन बसलं का गाडीत? आणि मी म्हणालो, हो, काम चाललंय. काका, ते खोटं नव्हतं. काम चाललंच होतं. फक्त इंजिन गाडीत बसत नव्हतं, स्क्रूपासून स्क्रूपर्यंत उलगडलं जात होतं, आणि ते माझ्यामुळे, म्हणजे आपल्या घराण्यामुळे असं म्हणू. कोणा एकाचं नाव घेणं बरं नाही. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही, अक्षर त्यामुळेच असं आलं आहे.

इगाराशी-सान कोण, हे तुम्हाला तुकड्यातुकड्यांत सांगितलं आहे, आता सलग सांगतो. आमच्या इमारतीला लागून एक बैठं गॅरेज आहे. पाटी नाही, शटर कायम अर्धं वर, आणि आत चौऱ्याहत्तर वर्षांचे इगाराशी-सान. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची इंजिनं बांधली. आता गिऱ्हाईक घेत नाहीत, स्वतःची एकच गाडी बांधतात. आमची ओळख सायकलच्या चेनवरून झाली. (इथे सगळं जग सायकलने स्टेशन गाठतं. माझी चेन नेमकी आठ-बाराची गाडी पकडायची असते तेव्हाच पडते.) त्यांनी चेन बसवून दिली तेव्हा मी निघायला हवं होतं, पण आत रॉकेल, ग्रीस आणि जुन्या तेलाचा असा वास होता की मी कऱ्हाडच्या एसटी डेपोतल्या वर्कशॉपात तुमचा डबा घेऊन उभा आहे असंच वाटलं, आणि पाय निघेना. तेव्हापासून दर शनिवारी मी तिथे जाऊन बसतो. ते मुळात फार बोलत नाहीत, आणि माझं जपानी पुण्यातल्या क्लासातलं, म्हणजे त्यात 'हे पेन आहे, ती छत्री आहे' हे फार सुरेख म्हणता येतं. त्यामुळे आमचं चांगलं जमलं.

गाडी १९७० सालची, स्पोर्ट्‌स कार. दोन दारं, लांब नाक, आखूड बूड. मूळचा पिवळा रंग धूळ खाऊन खाऊन आता श्रीखंडाचा झाला आहे. लग्नानंतर त्यांनी ती घेतली, बायकोला शेजारी बसवून सगळा जपान पाहिला, मग एके दिवशी इंजिन जाम झालं. दुसऱ्यांची इंजिनं बांधता बांधता स्वतःचं बांधायला वेळ मिळाला नाही, आणि मधल्या काळात बायको गेली. (दिव्याखाली अंधार सगळ्या देशांत सारखाच.) आता गॅरेजची जागा डिसेंबरअखेर सोडायची आहे, तिथे पार्किंग होणार आहे. त्यांचा मुलगा नागोयाला असतो. तो म्हणतो, ट्रक पाठवतो, गाडी त्यावर चढवा, जे काय येईल त्याला विकून टाकू. इगाराशी-सानांचं म्हणणं एकच: ही गाडी या दारातून बाहेर पडेल ती स्वतःच्या इंजिनावर, ट्रकच्या पाठीवर नाही. त्यासाठी ते दीड वर्ष एकट्याने ते सहा सिलिंडरचं इंजिन नव्याने बांधत होते. सिलिंडर घासून आणले, पिस्टन नवे घातले, प्रत्येक नट वेगळ्या वाटीत, वाटीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. सप्टेंबर संपता संपता इंजिन तयार होऊन स्टँडवर बसलं. तीन कार्बोरेटर तेवढे चढवायचे राहिले होते. म्हणजे काका, तोवर सगळं वेळेत होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण यापुढे काहीच वेळेत नाही.

यंदा खंडेनवमी रविवारी आली. जयंतीने सकाळीच माझा लॅपटॉप, प्रेशर कुकर, मिक्सर, चारुताची सायकल आणि (याचं कारण मला अजून कळलेलं नाही) घराच्या किल्ल्यांचा जुडगा पाटावर मांडून पूजा केली. मग मी तुम्हाला फोन लावला आणि बोलता बोलता सांगून बसलो की शेजारचं इंजिन या आठवड्यात गाडीत उतरतंय. मी कोणाला दोष देत नाही, पण त्यानंतरचं वाक्य तुमचं होतं. खंडेनवमीला नवं इंजिन बिनपूजेचं राहिलं तर तू कुणाचा पुतण्या, असं तुम्ही म्हणालात. छत्तीस वर्षांत हळद-कुंकू लावल्याशिवाय एकही इंजिन मी खाली उतरू दिलं नाही, हेही तुम्हीच म्हणालात. मग कार्ड संपलं, आणि पूजा कशी करायची हे विचारायचं राहिलं.

इगाराशी-सानांना विचारायला मला संकोच वाटत होता, पण ते लगेच हो म्हणाले. इथेही लोक नवी गाडी देवळात नेतात आणि पुजारी तिच्यावर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या झुलवतो, त्यामुळे त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की देवाला इंजिन पुसून हवं की असंच चालेल. मी म्हटलं असंच चालेल. मग ते म्हणाले, तेलकट कपड्यांत उभं राहणं बरं नाही, मी शर्ट बदलून येतो, आणि घरी गेले. आम्ही थांबायला हवं होतं. पण साडेचारला राहुकाळ लागत होता. तो भारतीय वेळेने धरायचा की जपानी, यावर आमचं दोघांचं आठ मिनिटं झालं. शेवटी जपानी वेळेने धरला आणि त्याप्रमाणे चारच मिनिटं उरली होती, म्हणून आम्ही उरकायला घेतलं.

डेपोतली तुमची पूजा मी लहानपणी पाहिली आहे. बंद बॉनेट, वर झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. इथे बॉनेटच नव्हतं. उघडं इंजिन, त्याच्या कुशीला ओळीने कार्बोरेटर बसायची सहा गोल भोकं, आणि वर तेल ओतायचं मोठं तोंड, झाकण काढलेलं. आम्ही हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. (नारळ इंजिनावर फोडायला मी ठाम नकार दिला. एक तर तो फुटला असता की इंजिन, हे सांगता येत नव्हतं, आणि करवंटी जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची की न जळणाऱ्या, हे आमच्या इमारतीत अजून कोणाला ठरवता आलेलं नाही. पुढचं वाचताना एवढा एक शहाणपणा माझ्या बाजूने धरा.) मग जयंतीने अक्षता टाकल्या. तीनदा. आपण अक्षता कशा टाकतो ते तुम्हाला माहीतच आहे, लग्नात त्या भटजींच्या कानात गेल्या तरी आपण जेवायच्या रांगेकडेच बघत असतो. काही दाणे इंजिनावर राहिले, काही फरशीवर पडले, आणि बाकीचे कुठे दिसले नाहीत. मला त्या क्षणी बरंच वाटलं, की झाडायचं काम कमी झालं.

इगाराशी-सान आले ते पांढरा शर्ट, टाय आणि इस्त्रीची विजार घालून. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले, आणि तिसऱ्या भोकाच्या काठावर एक लाल दाणा बघितला. खिशातून बोटाएवढा टॉर्च काढून त्यांनी पहिल्या भोकात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं, असं सहाव्यापर्यंत, आणि मग तेलाच्या तोंडात. इथल्या माणसांचा चेहरा वाचायला मला तीन वर्षांत आलेलं नाही, पण तो चेहरा चारुतालाही वाचता आला. राग नव्हता त्यात. फलाटावर उतरल्यावर, गाडी सुटल्यावर, आपलं मूल आतच राहिलं हे कळलेल्या माणसाचा होता तो.

मला तेव्हाही काही कळलं नव्हतं. पुतण्या तुमचा असलो तरी पोटासाठी मी एका बँकेचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यांनी खडूने फरशीवर चित्र काढून समजावलं. या भोकांतून हवा आत जाते, आणि झडप उघडी असेल तर खाली थेट पिस्टनच्या डोक्यावर. वरच्या तोंडातून तेल जातं, ते खालच्या चेंबरमध्ये, आणि तिथून सुईएवढ्या वाटांनी सगळीकडे. एक दाणा त्या वाटेत बसला की तेल थांबतं, आणि तेल थांबलं की दीड वर्षाचं काम एका मिनिटात जाम होतं. तांदळाचा एक दाणा, काका. मी मटकन स्टुलावर बसलो, आणि स्टूल तिथे नव्हतं.

खाली बसल्या बसल्या मी वाट बघत होतो की आता बोलणी खावी लागणार. तुम्ही असतात तर पाना फेकून मारला असतात, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं असतं. इगाराशी-सान ताठ उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवले आणि आम्हाला कमरेपर्यंत वाकून म्हणाले, भोकांना टेप लावून ठेवायची असते, ती मी लावली नाही, चूक माझी आहे, तुमच्या सणाच्या दिवशी तुम्हाला त्रास झाला. काय करावं ते सुचेना म्हणून पुढे होऊन त्यांचे पायच धरले. इथे कोणी कोणाचे पाय धरत नाही. ते दचकून दोन पावलं मागे सरकले आणि इस्त्रीच्या विजारीसकट जुन्या तेलाच्या ट्रेमध्ये उभे राहिले. जयंती नारळ पोटाशी धरून रडत होती. शटरबाहेर उभ्या असलेल्या शेजारीणबाई आम्हाला सगळ्यांना नमस्कार करून निघून गेल्या.

त्यानंतर त्यांनी वही काढली आणि विचारलं, किती? अक्षता किती टाकल्या, हा प्रश्न आपल्या धर्माच्या इतिहासात आजवर कोणी कोणाला विचारला नसेल. मी म्हटलं, चिमूटभर. त्यांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, एका चिमटीत किती? त्यांचा नियम असा, की आत किती गेलं ते कळल्याशिवाय सगळं बाहेर आलं की नाही हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय इंजिन बंद करता येत नाही. यात मला कुठे खोट काढता येईना. मग फरशीवर पांढरी चादर पसरली, जयंतीला वाटी दिली आणि तिच्याकडून वीस वेळा चिमूट टाकून घेतली. आम्ही मोजत होतो. सगळ्यांत लहान चिमूट सतरा दाण्यांची, सगळ्यांत मोठी चौतीसची, सरासरी पंचवीस. (ऑफिसात मला याच कामासाठी आणलं आहे.) मी ऐटीत सांगितलं, तीन चिमटी म्हणजे पंचाहत्तर, दहा-पंधरा इकडेतिकडे. त्यांनी पेन्सिल थांबवून विचारलं, इकडे की तिकडे? अक्षत म्हणजे न मोडलेला दाणा, हे मात्र मी सांगितल्यावर त्यांना फार आवडलं. अर्धा दाणा सापडला तर दुसरा अर्धा शोधायचा, असा नियम त्यांनी तिथल्या तिथे वहीत लिहिला.

पुढचे सगळे शनिवार-रविवार आम्ही ते इंजिन उलगडलं. दिवाळीच्या शनिवारी तुम्ही फराळ करत होता तेव्हा मी रॉकेलच्या घमेल्यात झडपा धूत होतो. प्रत्येक भाग धुवायचा, पुसायचा, चादरीवर ठेवायचा, भिंगातून बघायचा. पालथं पडून खालच्या ट्रेमध्ये दाणे वेचायचं काम माझं. सापडलेला दाणा काचेच्या बाटलीत जायचा, कुठे आणि कधी सापडला ते वहीत जायचं. बाटलीवर चिठ्ठी होती: तांदूळ, लाल, भारतीय. आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर गेल्या वर्षी दोनशेबारा माहीत असलेल्या चुकांसकट गिऱ्हाइकाच्या हवाली झालं, त्यासाठी कोणी वाकलं नाही, उलट केक कापला. आणि इथे एक म्हातारा माणूस एकेक दाणा चिमट्याने उचलून प्रकाशात धरत होता. तिसऱ्या आठवड्यात दाणे नव्वदच्या वर गेले. पंचाहत्तरचा माझा हिशेब कुठे चुकला ते कळेना. इगाराशी-सानांनी आकडा नुसता वहीत लिहिला, मीही तो विषय वाढवला नाही.

मला खात होती ती वेगळीच गोष्ट. दर शनिवारी मी त्यांच्या शेजारी उभा राहून माफी मागत होतो, आणि ते उत्तर देत नव्हते. मान वर करत नव्हते. दहा गोष्टी विचारल्या तर सहांना उत्तरच नाही. इथल्या माणसांचा राग आतल्या आत शिजतो, असं ऑफिसातले जुने भारतीय सांगतात. जयंती म्हणाली, ते आपल्याला माफ करणार नाहीत. मग मी आणखी माफी मागायला लागलो. जपानीत माफी मागायचे सहा प्रकार आहेत, ते सगळे संपल्यावर मी मराठीतही मागितली. घास गोड लागत नव्हता. त्या माणसाने तीन वर्षांत मला कधी परका म्हणून वागवलं नव्हतं, आणि मी त्याचं आयुष्यातलं शेवटचं इंजिन घाण केलं होतं.

आता गेल्या रविवारचं सांगतो, पाच तारखेचं. पिस्टन एकेक करून सुटे करत होतो. पिस्टनमध्ये आडवी पिन असते, आणि ती बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेची एकेक कडी खाचेत बसवलेली असते. (हे तुम्हाला सांगायला नको, काकू वाचतील म्हणून लिहितो.) कडी खाचेत नीट बसली की खट्‌ असा बारीक आवाज येतो. चौथ्या पिस्टनची एक कडी खाचेत नव्हती. नुसती काठाला टेकलेली होती. मी बोट लावलं तर हातात आली. इंजिन तसंच सुरू केलं असतं तर थोड्या वेळात ती निघाली असती, पिन सरकली असती, आणि घासून आणलेला सिलिंडर उभा चिरला गेला असता. हे मला नंतर कळलं. त्या वेळी इगाराशी-सानांनी हात पुढे केला. कडी तळहातावर घेऊन नुसते उभे राहिले. अक्षता बघून हादरले नव्हते इतके ते आता हादरले होते, कारण ही कडी त्यांनी स्वतः बसवली होती.

मग त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाले, माझ्या मागे उभा राहा, डाव्या बाजूला, आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये टाक. मी टाकली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, आता उजवीकडे. मी टाकली. ते तसेच उभे. मी पुन्हा टाकली. थोड्या वेळाने ते म्हणाले, टाक ना. काका, मी तोवर दोनदा टाकली होती.

उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला आहे. डावाही आता अर्धाच राहिला आहे. हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, मुलाला तर नाहीच, कारण त्याला कळलं तर तो त्याच आठवड्यात ट्रक पाठवेल. आणि मी दर शनिवारी त्यांच्या उजव्या हाताला उभा राहत होतो, कारण माझं स्टूल तिकडे असतं. पाच आठवडे मी एका बंद कानाची माफी मागत होतो. ते रागावलेले नव्हतेच, त्यांना मी बोलतोय हेच माहीत नव्हतं. मला रडू आलं, लपवत नाही. ते म्हणाले, रॉकेल डोळ्यांत गेलं का, आणि स्वच्छ फडकं दिलं.

जयंतीचं म्हणणं, अक्षतांनीच इंजिन वाचवलं, नाहीतर ते उघडलंच गेलं नसतं. मी म्हटलं, देवाला कडी दाखवायची होती तर त्याने सरळ कडी दाखवायची, तांदूळ कशाला. त्या संध्याकाळी मला चहा मिळाला नाही. इगाराशी-सानांनी मात्र कामाच्या यादीत दुरुस्ती केली आहे. इंजिन जसं पहिल्यांदा बांधलं तसंच दुसऱ्यांदा बांधायचं, कुठलीही पायरी गाळायची नाही, म्हणून बेचाळिसाव्या क्रमांकावर 'पूजा' आली आहे, आणि एकेचाळिसाव्यावर 'सर्व तोंडांना टेप'.

या आठवड्यात मी ऑफिसातून चार दिवस सुट्टी काढली आणि इंजिन पुन्हा बांधून झालं. बारा कड्या बसवताना मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून कान लावत होतो आणि खट्‌ झालं की हात वर करत होतो. बारा वेळा हात वर झाला. बाटलीत एकशे सात दाणे आहेत, आणि शेवटच्या दोन खेपांत एकही सापडला नाही. एवढंच सांगायचं होतं. लोभ आहेच, तो हे पत्र वाचल्यावरही शिल्लक राहावा. काकूंना नमस्कार.

आपला,
सौमित्र

ता. क. १ – तीर्थरूप काकांना जयंतीचा नमस्कार. पाकीट बंद करायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. हळद-कुंकू मी लावलं. अक्षता यांनी टाकल्या. तीनदा नव्हे, चारदा, आणि चौथ्यांदा 'ही काकांच्या नावाची' म्हणून चांगली मोठी. मोजायच्या वेळी चिमटी मात्र माझ्याकडून टाकून घेतल्या, मग आकडा कसा जुळणार? परक्यांसमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही म्हणून मी तेव्हा गप्प बसले. त्याच दिवशी हे उंच शेल्फावरचं रॉकेल काढायला गेले तेव्हा मी इगाराशी-सानांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच वहीत दुरुस्ती केली. तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते.

ता. क. २ – वरचं वाचलं. नाकारत नाही. इगाराशी-सान सहा आठवडे सगळं जाणून माझ्याशी तसेच वागत होते, हे मला आत्ता, या क्षणी कळतंय, आणि मी पुन्हा स्टूल आहे का ते बघून बसलो आहे. पण काका, पत्र लिहायचं खरं कारण अजून लिहिलेलंच नाही.

इंजिनाला तीन कार्बोरेटर आहेत, प्रत्येकाला दोन तोंडं. इंजिन सुरू केलं की सहाही तोंडं सारखा श्वास घेतायत की नाही, हे रबराची नळी एकेका तोंडाशी धरून, दुसरं टोक कानाला लावून ऐकायचं असतं. त्यासाठी मीटर मिळतो, त्यांच्याकडे आहेही. पण ते म्हणतात, मीटर हवा मोजतो, इंजिन सुखी आहे की नाही ते सांगत नाही. त्यांच्या कानावर आता त्यांचा भरवसा नाही, आणि माझ्या कानाला फक्त खट्‌ कळतं. मी सहज म्हटलं, माझे काका कँटीनमध्ये चहा पिता पिता फाटकातून कुठली गाडी आली आणि तिचा कितवा टॅपेट सैल आहे ते सांगायचे. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. वय विचारलं. अडुसष्ट म्हटलं. कान कसे आहेत विचारलं. मी म्हटलं, जे ऐकू नये तेही त्यांना दोन खोल्या पलीकडून ऐकू येतं. हात थरथरतात हेही प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, हात माझ्याकडे आहेत.

तीन वर्षं मी बोलावतोय आणि तुम्ही म्हणता, तिकडे येऊन मी काय करू, बागेतल्या बाकावर बसून फुलं बघू? काकूंनी मला सांगितलंय, की तुम्ही अजून रोज सकाळी दाढी करून डेपोच्या फाटकापर्यंत जाता, थोडा वेळ आतल्या गाड्या ऐकता आणि परत येता. हे मला माहीत आहे म्हणून त्यांच्यावर रागावू नका. सोबत व्हिसाचे कागद आहेत, तुमचे आणि काकूंचे. जामीन मी आहे. वीस डिसेंबरच्या आत या, कारण त्यानंतर दहा दिवसांत गॅरेजचं शटर कायमचं खाली येईल, आणि तोवर इंजिन सुरू झालं नाही तर ट्रक येईल.

एक अडचण आहे, ती आधीच सांगतो. 'बोलावण्याचं कारण' या रकान्यात मी 'पर्यटन' लिहिलं होतं, सगळे तेच लिहितात. इगाराशी-सानांनी तो कागद बघायला मागितला, त्या शब्दावर रेघ मारली, रेघेवर आपला शिक्का उमटवला आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली. मी म्हटलं, अशाने व्हिसा नाकारतील. ते म्हणाले, जे खरं आहे ते लिहिलंय, ते वाचून नाकारू देत. त्या ओळीचं मराठी असं होतं: 'इथे ऐकणारा माणूस नाही; सदानंद-सान येईपर्यंत इंजिन सुरू करता येत नाही.'